काचेवरची टिचकी

नंदू,

पेपरातल्या तुझ्या निधनाच्या जाहिरातीत ‘अल्पशा आजाराने’ असं छापून आलंय. मजकूर तुझ्या मेव्हण्याने दिला होता, स्मिताच्या भावाने, सुधीरने. मी त्याला फोनवर विचारलं, “अल्पसा म्हणजे केवढा रे?” तो कळवळून म्हणाला, “ताई, काहीतरी घालावं लागतं हो. तिथल्या माणसाने विचारलं कशाने गेले, आणि माझ्या तोंडातून तेच आलं.”

माझं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलं. शब्द चुकलेला दिसला की हात आपोआप समासाकडे जातो. या वेळीही गेला, पण खोडलेल्या शब्दाच्या जागी कोणता लिहायचा ते सुचेना. आत्महत्या हा शब्द मी लिहू शकते. हा बघ, लिहिला. तो खोटा नाही. पण त्यातून काय झालं एवढंच कळतं, काय होत होतं ते कळत नाही. ते मला माहीत नाही. ज्याला मी बोट धरून शाळेत नेलं, त्या माझ्या पाठच्या भावाच्या आत काय चाललं होतं, हे मला माहीत नाही. तुला तरी माहीत होतं का? हा प्रश्न घेऊन मी बसले आहे, आणि दिवसेंदिवस तो मोठाच होत चाललाय.

कसं केलंस ते मी लिहिणार नाही. भेटायला येणारे दारात चपला काढता काढताच ते विचारतात. मी त्यांना चहा घेणार का विचारते.

सोसायटीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. मोठा फ्लेक्स होता. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, कापून घेतलेला, त्यामुळे तुझ्या खांद्यावर एक अनोळखी हात तसाच राहिलाय. खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, आणि त्यातला एक तुझ्या फोटोपेक्षा थोडा मोठा. ते गृहस्थ भावी नगरसेवक आहेत. गेल्या निवडणुकीतही भावीच होते. माइक हातात घेऊन ते म्हणाले, “नंदकुमारजी म्हणजे स्थितप्रज्ञ! सहनशीलतेचा मेरुमणी! आयुष्यात या माणसाच्या तोंडून कधी ‘आई गं’ निघालं नाही!” हॉलमधले दोघेतिघे टाळ्या वाजवणार होते, ऐन वेळी सावरले.

आणि मी सवयीने तुझ्याकडे बघितलं. अशा समारंभांत आपण एकमेकांची नजर गाठायचो, मग दोघांपैकी एकाला पाणी प्यायला बाहेर जावं लागायचं. मी पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत तुला शोधलं. नंदू, मी खरोखर शोधलं. मग लक्षात आलं, तू फ्लेक्सवर आहेस.

तेव्हा मला पहिल्यांदा धक्का बसला असं वाटलं. खरा बसायचा होता. गार्गी पहिल्या रांगेत बसली होती, ताठ, हात मांडीवर. डोळे कोरडे. येईल त्याला “हो काका”, “बसा ना काकू” म्हणत होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली पोरगी, बाप जाऊन आठवडा झाला नव्हता, आणि ती लोकांना खुर्च्या दाखवत होती. माझ्या मागे बसलेली बाई शेजारणीला म्हणाली, “किती धीराची आहे हो पोर. बापावर गेली अगदी.”

माझ्या पोटात खड्डा पडला. मला तो पडलेला कळला. त्या क्षणी मनात आलं की हाच खड्डा तुझ्या पोटात पडला असता, तर तुला कळला असता का?

आपण पंचवटीत राहायचो तेव्हाचं आठवतंय? तू प्राथमिक शाळेत होतास. रोजच्यासारखा शाळेत जाऊन आलास, पाढे म्हटलेस, आणि जेवायला बसल्यावर पांढरा पडून आडवा झालास. अपेंडिक्स फुटायला आलं होतं. डॉक्टर आईवरच ओरडले, “पोरगं बोललं कसं नाही?” तू खाटेवरून शांतपणे म्हणालास, “काहीतरी होत होतं.”

“काहीतरी म्हणजे काय? दुखत नव्हतं?”

“पोटात काहीतरी होतं. दुखणं म्हणतात ते हेच का, ते माहीत नव्हतं.”

डॉक्टर हसले. आई हसली. पुढे कित्येक वर्षं आई ती गोष्ट पाहुण्यांना सांगायची, दरवेळी थोडी वाढवून. “डॉक्टर म्हणाले, असं मूल मी पाहिलं नाही. माझा नंदू शूर आहे. नाहीतर ही आमची रडूबाई! बोटात कुसळ गेलं तर गल्ली गोळा करते.” रडूबाई म्हणजे मी. मला तुझा फार हेवा वाटायचा. मी आरशासमोर उभी राहून स्वतःला चिमटे काढायचे आणि चेहरा तुझ्यासारखा ठेवायचा प्रयत्न करायचे. जमलं नाही. रडूबाई राहिली, नंदू. शूर गेला. हे वाक्य लिहून मी मघापासून त्याच्याकडे बघते आहे. त्यात चूक सापडत नाही आणि ते बरोबरही वाटत नाही.

आपला एक वाद अर्धा राहिलाय. उपवासांचा. संकष्टी, श्रावणातले सोमवार, नवरात्राचे नऊच्या नऊ दिवस, तू सगळं करायचास, आणि तेही साबुदाण्यावर आडवा हात न मारता. पाण्यावर. मी देव न मानणारी, माझं दुपारी एकला पित्त उसळतं. मी तुला म्हटलं होतं, “नंदू, तुला भूक लागतच नाही. जे लागतच नाही ते सोडलंस कसं? हा उपवास धरता येणार नाही.”

“म्हणजे माझं पुण्य बाद?”

“पुण्याचं मला माहीत नाही, ते तुझं खातं. उपवास बाद.”

“अगं पण लोक मला मानतात.”

“लोक दगडालाही मानतात. त्यालाही भूक लागत नाही.”

तू इतका हसलास की स्मिता स्वयंपाकघरातून बघायला आली. मग म्हणालास, “ताई, हा मुद्दा चांगला आहे. उत्तर देतो कधीतरी.” दिलं नाहीस. मला वाटायचं तू ते एखाद्या समारंभासाठी राखून ठेवलंयस.

त्या वादाचं उत्तर मला ब्रह्मगिरीच्या फेरीत दिसलं होतं. तेव्हा ते उत्तर आहे हे आपल्या दोघांनाही कळलं नाही. श्रावणातला तिसरा सोमवार. तू अनवाणी, मी कॅनव्हासच्या बुटांत. तू महादेवासाठी आलेला, मी चालायला. चिखल, धुकं, आणि दर वळणावर कुठल्या तरी मंडळाचा मांडव, त्यावर केळी वाटणाऱ्या पुढाऱ्यांचे फोटो. एका मांडवापाशी तू पाणी प्यायला थांबलास आणि मागून येणारा एक शेतकरी गृहस्थ ओरडला, “अहो बाबा, तुमच्या पायातनं रगत येतंय!”

आपण खाली बघितलं. टाचेत पत्र्याचा तुकडा रुतला होता. मागे चिखलात लाल ठसे उमटले होते, बरेच लांबून. तो गृहस्थ हात जोडून उभा. “रगताचे पाय घेऊन चालताय! लय मोठी भक्ती हाय.”

“अहो दादा, मला खरंच कळलं नाही हो,” तू म्हणालास.

“बघा! वरनं नम्रपणा!”

मग रांगच लागली. लोक वाकून तुझ्या पायाला हात लावायला लागले. एका बाईने तान्हं मूल तुझ्या पायाशी टेकवलं. मी ओरडत होते, “कुणाकडे डेटॉल आहे का? अहो, डेटॉल!” डेटॉल कुणाकडे नव्हतं. भस्म होतं. एकाने ते जखमेला लावायला घेतलं तेव्हा मी त्याचा हात धरला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो पत्रा टाकला होता.

त्र्यंबकला तुला धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन आपण एसटीत बसलो. मी चिडले होते. “दुखत नव्हतं तुला?”

तू खिडकीबाहेर बघत खरंखुरं आठवायचा प्रयत्न केलास. तुझी ती सवय होती, प्रश्न विचारला की प्रामाणिकपणे आत जाऊन बघून यायचं आणि रिकाम्या हाताने परतायचं. म्हणालास, “दुखत असेल गं. तिकडून निघालं असेल. माझ्यापर्यंत पोचलं नाही.”

भूकही तशीच निघत असेल, पोचत नसेल. इतक्या माणसांनी त्या पायाला हात लावला, नंदू. पत्रा काढायचा म्हणून कुणी लावला नाही.

आणि गंमत म्हणजे दुसऱ्यांचं तुला सगळं पोचायचं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्सच्या आधी तू सांगायचास, “ताईला आता दुखायला लागलंय, कपाळ बघा.” आमचे हे गेल्यानंतर वर्षभर तू रविवारी डबा घेऊन यायचास. काही बोलायचा नाहीस, सांत्वन तर मुळीच नाही. डबा उघडायचास आणि माझं जेवण होईपर्यंत पेपर वाचायचास. त्या वर्षात माझ्याशी सगळ्यात कमी बोललेला माणूस तू, आणि मी उभी राहिले ती तुझ्यामुळे. हे तुला सांगायचं राहिलं. तू ते उडवून लावलं असतंस, पण सांगायला हवं होतं.

तुझं काम तसलंच होतं. सातपूरच्या कारखान्यात दाब मोजायची यंत्रं तपासायची. बॉयलरवर, पाइपवर बसवलेली ती गोल घड्याळासारखी गेज. एक जुनं पितळी गेज निकालात निघाल्यावर तू घरी आणलंस, ते अजून तुमच्या शोकेसमध्ये आहे, लग्नात आलेल्या काचेच्या बदकांशेजारी. गार्गी लहान असताना तू तिला मांडीवर घेऊन शिकवायचास, “काटा वाचायच्या आधी काय करायचं?”

“टिचकी!”

“का?”

“काटा अडकलेला असेल तर!”

“शाब्बास. काटा शून्यावर दिसला म्हणून आत दाब नाही असं समजायचं नाही. आधी टिचकी, मग वाचन.” ती इवल्या बोटाने काचेवर टकटक करायची आणि तू गंभीरपणे म्हणायचास, “हलला. म्हणजे मीटर जिवंत आहे.”

तू स्वतः जेवायचास कारखान्याच्या भोंग्यावर. भोंगा झाला की डबा. सुट्टीच्या दिवशी स्मिता हाक मारायची. “भूक लागली का?” असं विचारलं की तू मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचास. आम्ही त्यावर किती हसलोय. मग तू निवृत्त झालास. निरोप समारंभात तुला चांदीचा मुलामा दिलेलं गेज दिलं, काटा चिकटवलेलं. भोंगा बंद झाला. हळूहळू पट्ट्याला नवं भोक पडलं, मग आणखी एक. स्मिता म्हणायची, “अहो, बरं वाटत नाहीये का?” तू आत जाऊन बघून यायचास आणि म्हणायचास, “नाही, तसं काही नाही.” खोटं बोलत नव्हतास, हेच तर भयंकर आहे. झोप गेली होती, तुला वाटलं उन्हाळा आहे. फिरायला जाणं सोडलंस, तुला वाटलं चपला चावतात.

शेवटच्या काही दिवसांतला तुझा फोन. तू एकदम विचारलंस, “ताई, भूक लागते म्हणजे नक्की काय होतं गं? कुठे होतं?”

मी म्हटलं, “पोटात कालवतं. डोकं चढतं. समोरच्या माणसाचा राग येतो.”

“राग येतो? मग तुला कायमच भूक लागलेली असते.”

दोघंही हसलो. मग तू म्हणालास, “हल्ली काही वाटतच नाही.”

“काय वाटत नाही?”

“काहीच.” आणि लगेच, “ठीक आहे मी. रविवारी येतो.”

आणि रविवारी आलास. थालीपीठ खाल्लंस, लोणी जास्त झालं म्हणालास, ताट स्वतः घासलंस, जिन्यात वळून हात केलास. मी तो हात रोज बघते. त्यात काही दिसत नाही. आता आम्ही ज्यांच्याकडे जातो त्या डॉक्टरांनी बजावलंय की मागे जाऊन खुणा शोधत बसू नका, झालेल्या गोष्टी नंतरच सरळ रेषेत दिसतात. मला ते पटलंय. मी स्वतःला दोष देत नाही, नंदू. मी फक्त थक्क झाले आहे. अजून. सकाळी चहा गाळताना, मुद्रित वाचताना मध्येच हात थांबतो आणि मी मोठ्याने म्हणते, “असं कसं?” उत्तर द्यायला तू नसतोस.

रामकुंडावर दहावा झाला. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. इतर वेळी घाटावर माणसापेक्षा कावळे जास्त असतात, त्या दिवशी सगळे समोरच्या कठड्यावर बसून राहिले. गुरुजी म्हणाले, “काहीतरी इच्छा राहिली असेल. आठवा. त्यांच्या आवडीचं काय होतं ते ठेवा.” सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सुधीर म्हणाला, “बटाट्याची भाजी?” स्मिता म्हणाली, “ती मला आवडते म्हणून खायचे.” कुणी म्हणालं जिलेबी. ती आईची आवड. तुझ्या बायकोला, बहिणीला, मुलीला, कुणालाही सांगता येईना की तुला काय आवडायचं. कारण काय करू असं विचारलं की तू आयुष्यभर एकच सांगितलंस, “काहीही चालेल.” मी विधी मानत नाही, पण तिथे उभी राहून मी मनातल्या मनात तुझ्यावर ओरडत होते, सांग की रे आता तरी, काय हवं होतं! शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. त्यालाही काहीही चालत होतं.

घरी आल्यावर गार्गी भाताचं पातेलं गॅसवरून उतरवताना दिसली. फडक्याशिवाय. स्मिता किंचाळली. गार्गीने पातेलं सावकाश ओट्यावर ठेवलं, तळवे बघितले, आणि म्हणाली, “अगं हो. लाल झालेत.”

मी तिचे हात नळाखाली धरले. विचारलं, “आज काही खाल्लंस?”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

नंदू, त्या क्षणी मला तुझ्या मरणापेक्षा मोठी भीती वाटली. मी स्मिताला म्हटलं, आपण उद्या डॉक्टरकडे जायचं. मनाच्या. सुधीर म्हणाला, “ताई, एवढ्यात कशाला? पोरगी किती सांभाळून घेतेय सगळं.” मी म्हटलं, “म्हणूनच.”

डॉक्टर गंगापूर रोडच्या एका बाई आहेत. साध्या. भिंतीवर एकही प्रमाणपत्र नाही, त्यामुळे माझा जरा विश्वास बसला. मी त्यांना तुझं सगळं सांगितलं, अपेंडिक्स, टाच, भोंगा. त्या मध्ये न बोलता ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या की शरीर आतून सारखं काहीतरी कळवत असतं. भूक, धडधड, श्वास अडकणं, पोटात गोळा येणं. काहींना ते फार पुसट ऐकू येतं. काहींना ऐकू येतं पण त्यावर भरवसा वाटत नाही. दुःख, भीती, थकवा हेही आधी शरीरातच येतं, त्यामुळे ज्याला आतलं ऐकू येत नाही त्याला आपण किती खचलोय हे फार उशिरा कळतं, किंवा कळतच नाही. नुसतं सुन्न वाटतं. शिवाय आपलं शरीर आपलं वाटेनासं झालं, तर त्याला जपावं असंही वाटत नाही, त्याला दुखावण्याची भीती कमी होते. ज्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला अशा माणसांमध्ये हे अनेकदा आढळतं.

मी विचारलं, “म्हणजे हे कारण?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “एक धागा. त्यांना नैराश्य असणार, आणखीही बरंच असेल जे आपल्याला कधी कळणार नाही. भूक न कळणारे हजारो लोक म्हातारे होऊन मरतात. ही भविष्यवाणी नाही. पण धागा दिसला तर दुर्लक्ष करायचं नाही.”

मग गार्गीकडे वळून, हवापाण्याचं विचारावं तशा आवाजात म्हणाल्या, “तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?”

स्मिता खुर्चीतून उठलीच. “अहो डॉक्टर, असं कसं विचारता?”

“विचारल्याने ते येत नाहीत. आणि न विचारल्याने जात नाहीत. बसा.”

गार्गी बराच वेळ आत जाऊन बघत राहिली. अगदी तुझ्यासारखी. मला तिच्याकडे बघवेना. मग म्हणाली, “नाही. म्हणजे... खरं सांगू? कळत नाही.”

डॉक्टर म्हणाल्या, “हे खरं उत्तर आहे. यावर काम करता येतं.” त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितलं, हात कुठेही न लावता स्वतःचे ठोके ऐकू येतात का बघ म्हणाल्या. मीही गुपचूप मिटले. माझं हृदय रडूबाईचं, ढोलासारखं वाजत होतं. गार्गी म्हणाली, “काहीच नाही. रिकामं.”

“आज रिकामं. शिकता येतं ते. सावकाश.” मग आम्हाला बाहेर बसवून त्या तिच्या एकटीशी बोलल्या. निघताना आम्हाला स्पष्ट सांगितलं: सध्या तिला एकटी ठेवायची नाही, दर आठवड्याला आणायची, आणि ‘ठीक आहे’ हे उत्तर धरायचं नाही.

तेव्हापासून मी तुमच्याकडेच राहते आहे. स्मिता आणि मी पाळीने गार्गीजवळ असतो. पलंगावर तुझ्या बाजूला झोपायला मला जमलं नाही, मी दिवाणावर झोपते. गार्गी रोज डोळे मिटून बसते आणि उठून सांगते, “काही नाही.” स्मिता हे ऐकून भिंतीकडे तोंड करते. मी म्हणते, “बरं, उद्या.” आणि आतून घाबरलेली असते.

काल दुपारी आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो. मी मुद्रितं तपासत होते, ती पुस्तक उघडून त्याच्या पलीकडे बघत होती. मी विचारलं, “कशी आहेस?”

“ठीक आहे आत्या.”

मी उठले, शोकेस उघडली, बदकांना बाजूला केलं आणि तुझं पितळी गेज आणून तिच्या समोर ठेवलं. तिने ते हातात घेतलं. अंगठ्याने काच पुसली. आणि मग, नंदू, तिने नखाने काचेवर टिचकी मारली, तू शिकवलीस तशी, दोनदा, हलकी. मोडकं गेज, कशालाही न जोडलेलं, त्याचा काटा कशाला हलतोय? नाहीच हलला.

“परत विचार,” ती म्हणाली.

“कशी आहेस?”

तिने डोळे मिटले. मी पेन खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी पडत होतं. ती बसून राहिली, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे अशी बघत होते, जशी तुझ्या चेहऱ्याकडे बघायला मला कुणी कधी सांगितलं नाही.

“इथे,” तिने गळ्याच्या खाली हात ठेवला. “इथे काहीतरी आहे. घट्ट.”

“काय आहे?”

“माहीत नाही. वर येतंय.” मग एकदम डोळे उघडून, घाबरून, “आत्या, दुखतंय. खूप दुखतंय. हे काय आहे?”

“ते रडू आहे,” मी म्हटलं. “मला माहीत आहे. मी त्यातली तज्ज्ञ आहे.”

ती माझ्या खांद्यावर पडली. कसली धीराची आणि कसलं काय! लहान मुलासारखा हंबरडा, नाक, शेंबूड, सगळं. स्मिता आतून धावत आली, तिला वाटलं काही झालं. मी हाताने खूण केली, थांब, येऊ दे. गार्गी मध्येच श्वास घ्यायला थांबायची आणि म्हणायची, “बाबांना पण इथेच दुखत असेल का?” मी म्हटलं, “असेल गं. निघालं असेल.” पुढचं मी बोलले नाही. ते तुझं वाक्य आहे, तुझ्याजवळ राहू दे.

म्हणून हे लिहायला बसले. डॉक्टरांना फोन करून सांगितलं, त्या म्हणाल्या चांगलं आहे, पण एवढ्याने संपलं असं समजू नका. मी समजत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचंय, त्याच्या पुढच्या आठवड्यातही. तुझा तो वादही मी सोडलेला नाही. भूक लागल्याशिवाय उपवास होत नाही या मतावर मी ठाम आहे, आणि तू उत्तर न देता निघून गेलास याचा मला फार राग आला आहे. समोर असतास तर म्हणाला असतास, जेवून घे. खरं आहे. मला भूकही लागली आहे.

रडून झाल्यावर गार्गी नळावर तोंड धुऊन आली, माझ्यासमोर बसली, आणि घड्याळाकडे न बघता म्हणाली, “आत्या, भात आहे का गं?”

हलला, नंदू. किंचितच. पण हलला.